गरवलेला मासा पुढे कुठे जातो? गोड्या पाण्यातल्या हौशी मासेमारीवर लघुप्रबंध करताना

प्रश्न असा आहे: समाजशास्त्रात एम.ए. करणाऱ्या सांगे तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीला गोव्यातल्या गोड्या पाण्यातल्या हौशी मासेमारीच्या सामाजिक बाजूवर लघुप्रबंध लिहायचा आहे. हाताशी आठ-नऊ महिने, पैसा जवळजवळ नाही. परदेशी शोधनिबंधांतली प्रश्नावली मराठीत आणून तीनशे-चारशे लोकांकडून भरून घ्यायचा बेत आहे. हे जमेल का, नमुना किती घ्यावा, परवानग्या कुणाच्या लागतील?

विषय चांगला आहे. बेत मात्र बदला. तीनशे फॉर्म भरून घेणं हा यातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा भाग ठरेल.

आधी ‘हौशी’ या शब्दाकडे बघू. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१२च्या मार्गदर्शक तत्त्वांत हौशी मासेमारीची व्याख्या साधारण अशी आहे: जी माणसाची पोषणाची मुख्य गरज भागवत नाही आणि जिच्यातला मासा सहसा विकला जात नाही, ती मासेमारी. युरोप-अमेरिकेत, जिथे गळाचा परवाना काढूनच माणूस नदीवर जातो, तिथे ही रेघ बऱ्यापैकी चालते. आपल्याकडे रविवारी साळावलीच्या काठावर बसलेला सरकारी नोकर पकडलेला मासा घरी नेऊन त्याचं हुमण करतो, दोन शेजारच्या घरी देतो, आणि मोठा कटला लागलाच तर एखाद्या खानावळीला विकतोही. तो हौशी की पोटासाठी मारणारा? हा प्रश्न त्याला विचारलात तर तुम्हाला आवडेल असं उत्तर मिळेल. म्हणून लोकांना खोक्यात घालू नका. आपल्याकडे त्या कामाला साधा शब्द आहे: गरवणे, म्हणजे गळाने मासे धरणे. ‘गरवायला जाणारा’ हाच तुमचा अभ्यासघटक ठेवा. हौस किती आणि गरज किती हे त्याच्या वागण्यातून मोजा. मोजण्याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे मासा पाण्याबाहेर आल्यावर तो कुणाच्या घरी जातो ती. सामाजिक बाजू तिथेच दिसते. गळ, आमिष, रीळ यांत ती फारशी नसते.

दुसरी रेघ ‘गोड्या पाण्या’ची. मांडवीत भरतीचा परिणाम गांज्यापर्यंत, तर झुवारीत सावर्ड्याच्या आसपास पोचतो, म्हणजे मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत. त्यामुळे नकाशावर ‘नदी’ दिसते म्हणून पाणी गोडं असं धरता येत नाही. शिवाय तीच जागा एप्रिलमध्ये मचूळ आणि ऑगस्टमध्ये गोडी असते. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील. क्षारता हजारात ०.५ भागांपेक्षा कमी असली तर गोडं पाणी, हा संकेत वापरा. मात्र तो मोजायला हातातलं रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणारं साधन) नेऊ नका. त्यावरची एकेक रेघ हजारात एक भागाची असते, अर्धा भाग त्यात दिसतच नाही. विद्युतवाहकता मोजणारा छोटा मीटर प्रयोगशाळेतून मागून घ्या. २५ अंशाला साधारण १,००० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या खाली वाचन आलं तर पाणी गोडं. प्रत्येक फेरीत एकदा वाचन घेऊन वहीत टिपा, पाच मिनिटांचं काम आहे.

जागा तीनपेक्षा जास्त घेऊ नका, आणि तिन्ही वेगळ्या स्वभावाच्या घ्या. एक धरण: साळावली, अंजुणे किंवा चापोली. एक तळं: कुडचड्याचं नंदा तळं २०२२ साली गोव्याचं पहिलं रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं, त्यामुळे त्याच्यावर लिखाण मिळेल; कुडतरीची तळीही चालतील. एक भरतीच्या वरचा नदीचा पट्टा: खांडेपार किंवा म्हादईची (मांडवीचंच वरच्या पट्ट्यातलं नाव) दुसरी एखादी उपनदी. तुम्ही सांग्याच्या आहात, तेव्हा धरण साळावलीच घ्या. एका फेरीचा बसखर्च वाचला तर एक फेरी जास्त होते. खाजनातल्या (बांध घालून भरतीपासून राखलेल्या शेतजमिनीतल्या) मानशींचा, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांचा, मोह टाळा. मानशीवरच्या माशांची पावणी (लिलाव) होते, हक्क एकाकडे जातो आणि बाकीच्यांनी तिथे गरवायचं की नाही यावरून तंटे असतात. विषय म्हणून तो फार गोड आहे, पण पाणी मचूळ आणि प्रश्न मालकीचा. तो वेगळा प्रबंध आहे.

सिद्धांताची चौकट एकच निवडा. परदेशी लिखाणात तुम्हाला दोन-तीन नेहमीच्या भेटतील. हॉबसन ब्रायनची १९७७ची कल्पना अशी की माणूस नवशिक्यापासून तरबेजापर्यंत एका चढणीवर असतो आणि त्याप्रमाणे त्याची साधनं, जागा, माशाबद्दलची वृत्ती बदलते. कल्पना उपयोगी आहे, पण तिची मोजपट्टी आपल्याकडे घसरते. साधनांच्या किमतीवरून तरबेजपणा ठरवलात तर बांबूची काठी आणि गांडूळ घेऊन चाळीस वर्षं एकाच कोंडीवर (नदीतल्या खोल डोहावर) बसणारा म्हातारा नवशिका ठरेल, आणि मागच्या महिन्यात ऑनलाइन कार्बनची काठी मागवणारा मुलगा तज्ज्ञ. तरबेजपणा मोजायचाच असेल तर किती पावसाळे गरवतो, किती जागा ओळखतो, कुणाला शिकवलं, हे विचारा. दुसरी चौकट ‘पकडण्याची ओढ’ मोजणाऱ्या विधानांची: मासा लागला नाही तरी दिवस चांगला गेला असं वाटतं का, वगैरे. ती भाषांतरात टिकते, पण तिचं उत्तर सगळेच सभ्यपणे देतात. तिसरी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांची, सामायिक साधनं लोक नियम करून कशी सांभाळतात याची. १९९० साली त्यांनी टिकाऊ व्यवस्थांची आठ लक्षणं मांडली. देवाच्या कोंडीत न गरवणं, तळ्यावर गावाबाहेरच्याला न बसू देणं, असे अलिखित नियम तुमच्या जागांवर दिसले तर ही चौकट घ्या. माझं मत विचाराल तर मुख्य धागा माशाच्या वाटपाचा ठेवा आणि ऑस्ट्रॉम फक्त एका प्रकरणापुरत्या वापरा.

आता वाटप कसं मोजायचं. ‘तुम्ही मासे वाटता का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. शेवटच्या एकाच फेरीबद्दल विचारा: केव्हा आला होतात, किती वेळ बसलात, किती मासे लागले. मग समोर १० चिंचोके ठेवा आणि सांगा, हा तुमचा सगळा मासा समजा. जमिनीवर सहा चौकोन: घरी शिजला, शेजारी-नातेवाइकांना दिला, तिथेच भाजून खाल्ला, विकला, परत सोडला, आमिषाला वापरला किंवा टाकला. चिंचोके त्यालाच मांडू द्या. टक्केवारी सांगायला अडखळणारा माणूसही हे बिनचूक करतो, आणि बेरीज आपोआप १० होते. नंतर ‘दिला’ या चौकोनावर थांबा. कुणाला दिला, त्याचं घर किती लांब, त्यांच्याकडून मागच्या महिनाभरात काय आलं? फणस, नारळ, रविवारची गाडीवरची सोबत, काहीही चालेल. या तीन प्रश्नांतून जेवढं समाजशास्त्र मिळेल तेवढं पन्नास विधानांच्या प्रश्नावलीतून मिळणार नाही. ‘विकला’ या चौकोनात चिंचोके कमी पडतात हे गृहीत धरा. विक्री कबूल केली की आपण हौशी उरत नाही, असं काहींना वाटतं. काहींना कुणीतरी पावती मागेल अशी भीती असते. ‘सोडला’ दिसला तर माशाचा आकार आणि कारण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. बोटाएवढा मासा परत टाकणं आणि अंड्यांनी भरलेली मादी जाणूनबुजून सोडणं या दोन गोष्टी तक्त्यात एकाच रकान्यात गेल्या तर त्यातून काहीच कळत नाही.

माशांची नावं ही दुसरी खोड. एकाच माशाला सत्तरीत एक नाव, काणकोणात दुसरं. परप्रांतीय मजूर तिसरंच सांगेल. नावं विचारण्याऐवजी दहा-बारा रंगीत छायाचित्रांचं कार्ड करा. रोहू, कटला, मृगळ, तिलापिया, मरळ हे त्यात हवेतच. धरणांत मत्स्यबीज सोडलं जातं, त्यामुळे तिथे ही मोठी मंडळी भेटतात. काळुंदर आणि चणक हे मचूळ पाण्यातले मासेही घाला, कारण ज्या पट्ट्यात ते लागल्याचं सांगतात तिथलं पाणी पुन्हा मोजायला हवं. प्रत्येक चित्राशेजारी मोजपट्टी छापा आणि कार्ड प्लॅस्टिकमध्ये बंद करून घ्या, नाहीतर जूनच्या पहिल्या सरीत त्याचा लगदा होईल.

नमुन्याकडे येऊ. ३८४ हा आकडा तुम्ही कुठेतरी वाचला असणार. ९५ टक्के विश्वासाला ५ टक्के चुकीची मुभा धरली की तो येतो; १० टक्के मुभा धरली तर ९६ पुरतात. पण दोन्ही आकडे यादीतून चिठ्ठ्या काढून माणसं निवडली तरच खरे. तुमच्याकडे गरवणाऱ्यांची यादीच नाही. तेव्हा काठावर जाऊन भेटतील त्यांना गाठायचं, आणि तशा पाहणीची स्वतःची शिस्त असते. महिन्याच्या तारखांतून चिठ्ठ्या टाकून आठ पाळ्या निवडा, सकाळची ६ ते ९ किंवा संध्याकाळची ४ ते ७, आणि सुट्टीच्या व कामाच्या दिवसांचा वाटा आधीच ठरवा. काठावर कुठून सुरुवात करायची आणि कुठल्या दिशेने चालायचं हेही नाणं उडवून ठरवा. नाहीतर रोज गाडी लावता येते त्याच बाजूची माणसं भेटतील. पाच महिने, ४० पाळ्या, दर पाळीला चार माणसं धरली तर १६० भेटी होतात आणि पुन्हा पुन्हा भेटणारे वगळून शंभराच्या आसपास माणसं उरतात. एकट्या विद्यार्थिनीला एवढंच झेपतं आणि एवढं पुरतं.

आपल्याकडे सुट्टी आणि कामाचा दिवस एवढ्यावर भागत नाही. सोमवारी, काही घरांत गुरुवारीही, मासा चुलीवर चढत नाही. श्रावण आणि चतुर्थीचे दिवस वेगळे, ख्रिस्ती घरांतला लेंटचा (ईस्टरआधीच्या उपवासाचा) काळ वेगळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, बाजारात समुद्राचं नुस्तं (मासळी) कमी आणि महाग होतं. या सगळ्याचा काठावरच्या गर्दीशी संबंध असणार. तेव्हा प्रत्येक पाळीच्या नोंदीत वार, तिथी, बंदीचा काळ आणि त्या दिवशी मासळी बाजारातला बांगड्याचा भाव लिहा. भाव लिहायला पैसे पडत नाहीत, आणि विश्लेषणात तो रकाना फार कामी येतो.

काठावरच्या पाहणीत दोन तिरपेपणा हमखास येतात, आणि बहुतेक लघुप्रबंध तिथेच पडतात. पहिला असा की जो वारंवार येतो तो तुम्हाला भेटण्याची शक्यता जास्त. समजा नमुन्यात दोघेच आहेत, एक वर्षाला ६० वेळा येतो, दुसरा ५ वेळा. साधी सरासरी ३२.५ निघेल. पण पहिला भेटण्याची शक्यता दुसऱ्याच्या बारापट आहे; प्रत्येकाला त्याच्या फेऱ्यांच्या व्यस्त प्रमाणात वजन दिलं की सरासरी ९च्या थोडी वर येते. वजन न देता ‘गोव्यातला गरवणारा वर्षाला ३२ वेळा जातो’ असं लिहिलंत तर तो सरळ चुकीचा आकडा आहे. म्हणून ‘गेल्या १२ महिन्यांत कितीदा’ हा प्रश्न हवाच. मात्र १२ महिन्यांचं लोकांना आठवत नाही, ते फुगवून सांगतात. गेल्या महिन्याचं आणि गेल्या पावसाळ्याचं वेगवेगळं विचारून जुळवा. दुसरा तिरपेपणा वेळेचा: काठावरून चालत जाताना सहा तास बसणारा भेटतो, अर्धा तास बसणारा निसटतो. तासाला किती मासे लागले हे काढायचं असेल तर चालत केलेल्या पाहणीत प्रत्येकाचा दर आधी काढून मग सरासरी घ्या आणि ज्यांना बसून अर्धा तासही झालेला नाही त्यांना वगळा. वाटेच्या तोंडाशी उभं राहून परतणाऱ्यांना विचारत असाल तर उलट: सगळे मासे भागिले सगळे तास.

व्हॉट्सॲप आणि फेसबुकच्या गटांत गूगल फॉर्म टाकून दोनशे उत्तरं दोन दिवसांत मिळतील. ती मुख्य नमुन्यात मिसळू नका. तिथे महागड्या काठ्यांची तरुण पोरं आहेत; म्हातारे, बायका आणि मजूर नाहीत.

बायकांवरून आठवलं. परदेशी निबंधांतला ‘अँगलर’, म्हणजे गळ टाकणारा हौशी, शोधत गेलात तर तुमच्या प्रबंधात एकही बाई येणार नाही. पहिल्या पावसात चढणीचे (अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे) मासे येतात तेव्हा शेताच्या पाटात टोपली लावणारी, ओहोळात हाताने चाचपून मासे धरणारी, रात्री बॅटरी घेऊन कुर्ल्या पकडायला पोरांबरोबर जाणारी बाई गळ वापरत नाही, पण ती त्याच पाण्यावर, बऱ्याचदा तितक्याच मजेने आलेली असते. मुख्य नमुना गळाचा ठेवा, पण निरीक्षणाच्या नोंदीत प्रत्येक पाळीला काठावरची सगळी माणसं मोजा: बाई, पुरुष, मूल, साधन कोणतं. मासा साफ कोण करतं आणि कुणाच्या घरी धाडायचा हे कोण ठरवतं, हे घरी जाऊन विचारायला हवं. काठावर बसलेल्या नवऱ्याला ते नेहमी ठाऊक असतंच असं नाही.

फॉर्मची लांबी १२ मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. गळाला मासा ओढ देत असताना तुमचा पंधरावा प्रश्न कुणी ऐकत नाही. मासा लागला की बोलणं थांबवा, हा पहिला शिष्टाचार. फॉर्म मराठीत छापा, पण तोंडाने कोकणीत विचारा. ‘हांगा गरवंक कितले फावट येतात?’ (इथे गरवायला किती वेळा येता?) एवढ्याने गप्पा सुरू होतात. हिंदीतलीही आवृत्ती लागेल, बांधकामावरचे बिहार-झारखंडचे कामगार रविवारी गळ घेऊन हमखास बसलेले असतात. तिन्ही आवृत्त्या दुसऱ्या माणसाकडून मूळ भाषेत उलट भाषांतरित करून पडताळा. ‘पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत’ ही पाच पायऱ्यांची पट्टी अनेकांना परीक्षेसारखी वाटते. तीन पायऱ्या ठेवा किंवा पाच कमीअधिक भरलेल्या टोपल्यांची चित्रं दाखवा. विधानांचे गट करून घटक विश्लेषण (कुठली विधानं एकत्र जातात ते शोधणं) करायचं असेल तर दर विधानामागे किमान पाच माणसं हवीत. शंभर माणसांत वीस विधानं ही कमाल मर्यादा, दहा असली तर उत्तम. नोंदीला कोबो टूलबॉक्स हे मोफत ॲप चांगलं, नेटवर्क नसलं तरी चालतं. तरी पावसाळ्यात पेन्सिल आणि जाड कागदाची वही सोबत ठेवाच, ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही.

सविस्तर मुलाखती २० पुरतील. दहा-बारानंतर नवीन मुद्दे येणं मंदावतं, पण ते सगळे एकाच थरातले असले तर. म्हणून आधी थर ठरवा: जुने, नवे, स्थलांतरित, बायका, तळ्याच्या काठची घरं.

अवैध गोष्टींबद्दल जपून. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणं १८९७च्या भारतीय मत्स्य कायद्याखाली गुन्हा आहे. ब्लीचिंग पावडर आणि विजेच्या तारांबद्दल तुम्हाला काठावर ऐकू येईल, नेहमी ‘ते लोक करतात’ अशा भाषेत. थेट विचारू नका. पुस्तकात याला यादीचा उपाय दिलेला असतो: अर्ध्या लोकांना चार निरुपद्रवी गोष्टींची यादी, अर्ध्यांना तीच अधिक एक नाजूक गोष्ट, आणि फक्त ‘यातल्या किती केल्या’ हा आकडा विचारायचा. युक्ती सुंदर आहे, पण शंभर माणसांत कुचकामी. पन्नास-पन्नासच्या दोन गटांत उत्तरांचं प्रमाण विचलन (ती सरासरीभोवती किती विखुरली ते) १ धरलं तर फरकाची प्रमाण त्रुटी ०.२ येते, म्हणजे ‘२० टक्के लोक विष घालतात’ या आकड्यामागे उणे-अधिक ४० टक्क्यांची धूसरता. त्यापेक्षा मुलाखतीत ‘या पाण्यात गेल्या दहा वर्षांत काय बदललं’ एवढंच विचारा आणि गप्प बसा.

परवानग्यांत वेळ जातो, तेव्हा त्या आधी. विद्यापीठाच्या नीतिसमितीची मान्यता माहिती गोळा करण्यापूर्वी हवी. नंतरची चालत नाही. धरणाच्या आवारासाठी जलस्रोत खात्याला, माहितीसाठी मच्छीमार खात्याला पत्र, आणि पंचायतीला एक प्रत. जागा अभयारण्याच्या हद्दीत असेल (नेत्रावळी, म्हादई, खोतीगाव) तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या कलम २८खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. साळावलीच्या जलाशयाची वरची बाजू अभयारण्याला लागून आहे, त्यामुळे कुठल्या काठावर उभ्या आहात हे नकाशावर तपासा. संमती तोंडी घेतलीत तरी चालेल, पण कुठल्या शब्दांत घेतली ते नोंदवा. सही मागितली की निम्मी माणसं उठून जातात. सांडव्याखाली आणि नदीपात्रात पावसाळ्यात एकटं जायचं नाही, मगरींचा वावर कुठे आहे ते स्थानिकांना आधी विचारायचं, आणि पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरायचं नाही, लेप्टोस्पायरोसिस गोव्याला नवा नाही.

जागांचे अक्षांश-रेखांश प्रबंधात जसेच्या तसे छापू नका. दशांशानंतर दोनच आकडे ठेवा, म्हणजे जागा साधारण एक किलोमीटरच्या आत धूसर होते. ज्याने विश्वासाने कोंड दाखवली त्याच्या कोंडीवर पुढच्या रविवारी वीस मोटारसायकली नकोत.

सगळ्यात मोठी अडचण पंचांगाची आहे. चढणीचे मासे जूनच्या पहिल्या पावसात येतात. वर्ग सुरू होऊन मार्गदर्शक ठरेपर्यंत ऑगस्ट उजाडतो. म्हणून विषय आधीच ठरला असेल तर नीतिसमितीचा अर्ज मार्चमध्ये टाका, मेमध्ये दहा-बारा जणांवर फॉर्म तपासून बघा आणि पहिल्या सरीला काठावर असा. ते हुकलंच असेल तर ओढूनताणून पावसाळ्याच्या आठवणी विचारत बसू नका. ऑक्टोबरपासून धरण आणि तळं एवढंच घ्या, नदीचा पट्टा सोडा, आणि फेब्रुवारीनंतर पाणी उतरून तळ्यांत मासे धरायला सुरुवात होते तेव्हा मासा कुणाला, किती आणि कुठल्या क्रमाने मिळतो ते टिपा. दहा चिंचोके तिथेही चालतात.